अशांत काळातला भरवसा : तंजावरचे श्वार्ट्झ आणि सरफोजी राजे

 

मागच्या भागानंतर एका ताईंचा निरोप आला. त्यांनी विचारलं होतं, "प्रार्थनेला बसलं की मन शांत होतं. उठून घरात आलं, फोन हातात घेतला, बातम्या पाहिल्या की सगळं पुन्हा पहिल्यासारखं. मग ही शांती खरी म्हणायची की तेवढ्यापुरती?" प्रश्न साधा आहे, पण मला तो दोन दिवस सोडेना. कारण हा प्रश्न तुमचा-माझा सगळ्यांचाच आहे. विश्वासातून मिळणारी शांती चर्चच्या दाराबाहेर टिकते का? आणि टिकत असेल, तर ती दिसते कशात?

याचं उत्तर मी उपदेशातून देणार नाही. आपण इतिहासात जाऊ. आणि गंमत अशी की तो इतिहास इथेच, चेन्नईत, एका भिंतीवर कोरलेला आहे आणि त्याचा आपल्या मराठी माणसांशी जवळचा संबंध आहे.

समुद्राच्या बाजूला सेंट जॉर्ज किल्ला आहे. आज तिथे तामिळनाडूची विधानसभा आणि सचिवालय आहे, म्हणून आत जाताना पोलीस पिशवी तपासतात. आत गेलं की सेंट मेरी चर्च लागतं. २८ ऑक्टोबर १६८० रोजी या चर्चची प्रतिष्ठापना झाली. त्याच्या भिंती पाहाल तर विलक्षण जाड, आणि वरचं छत कमानदार. तोफगोळा पडला तरी इमारत टिकावी, असं ते बांधलं आहे. देवाचं घर बांधतानासुद्धा माणसांच्या मनात तोफा होत्या, असा तो काळ. याच चर्चमध्ये १७५३ साली रॉबर्ट क्लाइव्हचं लग्न लागलं.

आत भिंतींवर सेनापतींची, अधिकाऱ्यांची, गव्हर्नरांची स्मारकं आहेत. त्यांतलं एक मात्र वेगळं आहे. संगमरवरात एक म्हातारा माणूस अंथरुणावर आहे. भोवती सहकारी आहेत, त्यांतल्या एकानं त्याच्या डोक्याला आधार दिला आहे. जवळ लहान मुलं आहेत आणि एका मुलानं त्याचा हात धरला आहे. त्याचं लक्ष मात्र वर, क्रूस घेऊन उतरणाऱ्या देवदूताकडे आहे. हे स्मारक ईस्ट इंडिया कंपनीनं उभारलं आणि शिल्पकार होता धाकटा जॉन बेकन. अंथरुणावरचा माणूस म्हणजे ख्रिस्तियान फ्रेडरिक श्वार्ट्झ, एक जर्मन मिशनरी.

आता तुम्ही म्हणाल, जर्मन पाद्री, इंग्रजांचं चर्च, यात मराठीचा काय संबंध? थोडं थांबा.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे, ज्यांना एकोजी म्हणतात, त्यांनी सतराव्या शतकात तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली. कावेरीच्या काठी तमिळ मुलखात दरबाराची भाषा मराठी झाली. आजही तमिळनाडूत काही घरांमध्ये तंजावरी मराठी बोलली जाते. श्वार्ट्झ यांनी आयुष्याची शेवटची वीस वर्षं याच तंजावरात काढली. त्यांना तमिळ उत्तम येत होतं. दरबारात मराठी चालते म्हणून ते मराठीही शिकले.

त्यांचा जन्म १७२६ सालचा. आई लहानपणीच गेली. शिक्षण हाल्ले या गावी झालं. तिथे फ्रांके नावाच्या धर्मगुरूनं मोठा अनाथाश्रम आणि शाळा उभ्या केल्या होत्या. विश्वास मनात असेल तर तो भुकेल्या मुलाच्या ताटात दिसला पाहिजे, ही तिथली शिकवण. १७५० साली श्वार्ट्झ जहाजानं तरंगमबाडीला उतरले. तेव्हा ती डॅनिश लोकांची वसाहत होती. पुढे ते तिरुचिरापल्लीला गेले. तिथली त्यांची खोली इतकी लहान होती की त्यांची खाट मावेल आणि उभं राहता येईल, एवढंच. जेवायला भात आणि भाजी. लग्न केलं नाही. मायदेशी परत गेले नाहीत.

हे ऐकून वाटेल की अशा माणसाला शांत राहणं सोपंच. पण तो काळ कसा होता, ते पाहा.

तंजावरच्या गादीवर तुळजाजी राजे होते. १७७३ साली अर्काटच्या नवाबानं कंपनीच्या फौजेच्या मदतीनं तंजावर घेतलं. राजा आपल्याच राज्यात कैदी झाला. १७७६ मध्ये मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड पिगट यानं त्यांना पुन्हा गादीवर बसवलं. काही महिन्यांतच पिगटच्या स्वतःच्या मंडळातल्या लोकांनी पिगटलाच अटक केली. पुढच्या वर्षी तो कैदेतच मेला. त्याला पुरलं ते याच सेंट मेरी चर्चमध्ये. म्हणजे जाड भिंतींच्या आतही कुणी सुरक्षित नव्हतं.

अशा दिवसांत, १७७९ साली, मद्रास सरकारनं श्वार्ट्झ यांना बोलावलं. हैदर अलीशी युद्ध होईल अशी चिन्हं होती. श्रीरंगपट्टणला जाऊन हैदरशी बोलावं, अशी विनंती केली. श्वार्ट्झ राजकारणी नव्हते. पण लढाई टळली तर हजारो जीव वाचतील, म्हणून ते गेले. इंग्रजांच्या वकिलांवर हैदरचा विश्वास नव्हता. या पाद्र्याला मात्र येऊ द्या, हा फसवणार नाही, असं तो म्हणाल्याचं सांगतात. श्वार्ट्झ तिथे काही आठवडे राहिले. छावणीत जो येईल त्याच्याशी, त्याच्या भाषेत बोलले. निघताना हैदरनं वाटखर्चासाठी तीनशे रुपयांची थैली दिली. ती त्यांनी मद्रासला आणून सरकारपुढे ठेवली. सरकारनं घेतली नाही, तेव्हा ते पैसे अनाथ मुलांच्या शाळेसाठी ठेवले.

आणि तह? तह झाला नाही. १७८० च्या जुलैमध्ये हैदरची फौज कर्नाटकच्या मैदानात उतरली. गावं जळली, तळी फुटली, माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. ज्या शांतीसाठी श्वार्ट्झ गेले, ती मिळालीच नाही.

मंडळी, हे मी मुद्दाम सांगतो आहे. आपण अनेकदा असं बोलतो की देवावर भरवसा ठेवला की काम होतं. इथे काम झालं नाही. भक्तिमान माणूस चांगल्या हेतूनं गेला आणि हात हलवत परत आला. तरी एक गोष्ट मागे उरली. युद्ध सुरू असताना हैदरनं आपल्या अधिकाऱ्यांना हुकूम दिला की या पाद्र्याला कुठेही अडवू नका, त्याला त्रास देऊ नका. चारही बाजूंनी लढाई सुरू असताना हा माणूस गावोगाव फिरत होता. त्याच्याकडे ना फौज होती, ना तलवार. होता तो फक्त शब्द.

त्या शब्दाची खरी परीक्षा तंजावरात झाली.

युद्धामुळे दुष्काळ पडला. आसपासच्या खेड्यांतले लोक किल्ल्याच्या आश्रयाला आले. रस्त्यांवर माणसं उपाशी मरत होती. किल्ल्यातल्या शिपायांनाही धान्य नव्हतं. खेड्यांत भात होतं, पण ते आणणार कोण? शेतकरी बैल द्यायला तयार नव्हते. पूर्वी त्यांचे बैल नेले होते, धान्य नेलं होतं आणि पैसे दिले नव्हते. राजाच्या माणसांवर त्यांचा विश्वास नव्हता, इंग्रजांवरही नव्हता.

तेव्हा श्वार्ट्झ यांना मध्ये घातलं. त्यांनी गावोगाव निरोप पाठवला : तुमच्या बैलांचे आणि धान्याचे पैसे मी स्वतः माझ्या हातानं देईन. दोन-तीन दिवसांत सुमारे हजार बैल आले. आणि त्यांच्या पत्रांतल्या हिशेबाप्रमाणे ऐंशी हजार कलम भात किल्ल्यात पोहोचलं. कलम हे तिकडचं धान्य मोजायचं माप. श्वार्ट्झ यांनी प्रत्येकाला ठरलेले पैसे मोजून दिले. किल्ला वाचला. याशिवाय महागाईच्या आधी त्यांनी स्वतः थोडं भात घेऊन ठेवलं होतं. त्यातून गरिबांना जेवण मिळत राहिलं.

पुढे युद्ध संपलं, पण लोकांचं दुःख संपलं नाही. राजाच्या कारभाऱ्यांनी इतका जुलूम केला की शेतकरी मुलूख सोडून गेले. पासष्ट हजार माणसं निघून गेली, असा आकडा तेव्हा सांगितला जात होता. राजानं बोलावलं, कुणी आलं नाही. मग श्वार्ट्झ यांनी निरोप पाठवला की तुमच्यावर अन्याय होणार नाही, याची मी खात्री देतो. एका दिवसात सात हजार लोक परतले. पेरणीची वेळ टळत चालली होती. लोक म्हणाले, तुम्ही आमच्यासाठी एवढं केलंत, आता आम्ही रात्रंदिवस शेतात राबू.

आता त्या ताईंच्या प्रश्नाकडे क्षणभर वळू. शांती दिसते कशात? मला वाटतं, ती इथे दिसते. आपण शांतीला एक भावना समजतो. छातीत हलकं वाटलं, श्वास संथ झाला, म्हणजे शांती. त्या शेतकऱ्यांना श्वार्ट्झ यांच्या छातीत काय चाललं आहे, ते ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच कळलं की हा माणूस घाबरून खोटं बोलणार नाही आणि लोभानं शब्द मोडणार नाही. भीती आणि लोभ या दोन गोष्टी ज्याच्या मनातून उतरल्या, त्याच्या शब्दावर दुसऱ्याला घर सोडून परत येता येतं. एकाची शांती दुसऱ्याच्या कामी येते ती अशी.

पण श्वार्ट्झ यांना देवमाणूस करून आपण मोकळे होऊ नये. त्यांचीही चूक झाली आणि ती एका मुलाला भोगावी लागली.

१७८७ साली तुळजाजी राजे मृत्युशय्येवर होते. त्यांना मुलगा उरला नव्हता. भोसल्यांच्याच कुळातला सुमारे नऊ वर्षांचा एक मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तेच सरफोजी. राजांनी श्वार्ट्झ यांना बोलावलं, मुलाचा हात त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, हा आता तुमचा. विचार करा, भोसल्यांचा राजा आपला वारस एका पाद्र्याच्या स्वाधीन करतो आहे! श्वार्ट्झ यांनी नम्रपणे नकार दिला. मी एकटा माणूस, दरबारातल्या कारस्थानांतून याला कसा सांभाळू, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी सुचवलं की राजांचे सावत्र भाऊ अमरसिंह यांनी मूल सांभाळावं आणि तोवर राज्य चालवावं.

झालं उलटंच. तुळजाजी गेले. कंपनीनं पंडितांना विचारलं, त्यांनी दत्तकविधान अशास्त्रीय ठरवलं आणि अमरसिंह स्वतःच राजे झाले. मुलगा खिडक्या बंद असलेल्या घरात पडला. मोकळी हवा नाही, शिक्षण नाही. ज्या हातांत त्याला द्या म्हणून श्वार्ट्झ यांनी सांगितलं, त्याच हातांनी त्याला कोंडलं.

इथे शांत माणसानं काय करावं? देवाची इच्छा म्हणून गप्प बसता आलं असतं. श्वार्ट्झ गप्प बसले नाहीत. कंपनीकडे लिहीत राहिले. मुलाच्या रक्षणासाठी शिपाई आणवले, त्याच्या शिक्षणाची व्यवस्था लावली. तरी धोका टळेना, तेव्हा १७९३ साली सरफोजी आणि तुळजाजींच्या दोन विधवा राण्या यांना मद्रासला हलवलं. मद्रासमध्ये श्वार्ट्झ यांचे सहकारी गेरिके सरफोजींच्या शिक्षणाकडे पाहत. दत्तकाचा प्रश्न पुन्हा उघडला गेला आणि या वेळी निर्णय सरफोजींच्या बाजूनं लागला. एकदा दिलेला चुकीचा सल्ला निस्तरायला श्वार्ट्झ यांना जवळजवळ अकरा वर्षं लागली.

शेवट पाहायला ते राहिले नाहीत. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी तंजावरात त्यांनी देह ठेवला. सरफोजी अंत्यविधीला आले, ढसाढसा रडले आणि शवावर त्यांनी जरीचं वस्त्र घातलं. बाहेर गोरगरिबांचा आक्रोश एवढा होता की ठरलेलं भजन म्हणता आलं नाही. त्याच वर्षीच्या जूनमध्ये सरफोजी गादीवर बसले.

पुढे सरफोजींनी लंडनच्या मिशन संस्थेला पत्र लिहून संगमरवरी स्मारकाची मागणी केली. ते जॉन फ्लॅक्समननं घडवलं आणि आज तंजावरच्या शिवगंगा किल्ल्यातल्या चर्चमध्ये आहे. त्यात सरफोजी स्वतः मरणाऱ्या श्वार्ट्झ यांचा हात धरून उभे आहेत. समाधीच्या दगडासाठी इंग्रजी ओळी राजांनी स्वतः रचल्या. म्हणजे एकाच माणसाची दोन स्मारकं : चेन्नईचं कंपनीचं, तंजावरचं एका मराठी राजाचं. ज्या मुलाचा हात श्वार्ट्झ यांच्या हातात दिला गेला होता, त्यानं शेवटी त्यांचा हात धरला.

आता दोन अवघड गोष्टी. त्या टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही.

पहिली : श्वार्ट्झ यांच्या चांगुलपणाचा कंपनीला फायदा झाला का? झाला. १७९९ च्या करारानं सरफोजींनी राज्याचा कारभार कंपनीच्या हाती दिला. राजांकडे तंजावरचा किल्ला, मान आणि तनखा राहिला. कंपनीनं चर्चमध्ये स्मारक उभारलं, त्यामागे कृतज्ञता होती आणि हिशेबही होता. भला माणूस ज्यांच्यासोबत उभा राहतो, त्यांच्या पापांची सावली त्याच्यावर पडतेच. विश्वासामुळे हात स्वच्छ राहतील याची हमी नसते. हाताशी आलेल्या माणसाशी खरं वागण्याची ताकद मात्र मिळते.

दुसरी : सरफोजी ख्रिस्ती झाले का? नाही. ते हिंदूच राहिले. १८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. १८२० मध्ये काशीयात्रेला निघाले. सरस्वती महालचा ग्रंथसंग्रह त्यांनी वाढवला, देवनागरी छापखाना काढला, इसापच्या गोष्टी मराठीत करवून घेतल्या. काही ख्रिस्ती मंडळींना यात श्वार्ट्झ यांचं अपयश दिसतं. मला तसं वाटत नाही. त्यांनी त्या मुलाला काही मागण्यासाठी सांभाळलं नव्हतं. म्हणूनच तो मुलगा मोठा होऊन, आपल्या धर्मात राहून, त्यांना बापासारखं आठवू शकला. ज्या प्रेमात सौदा नसतो, त्यातच दुसऱ्याला शांतपणे श्वास घेता येतो.

मग श्वार्ट्झ यांना हे बळ कुठून आलं? त्यांच्या दिवसात गूढ असं काही नव्हतं. प्रार्थना, पवित्र शास्त्राचं वाचन, मुलांना शिकवणं, भेटायला येणाऱ्यांशी बोलणं आणि संध्याकाळी सर्वांसोबत पुन्हा प्रार्थना. वर्षानुवर्षं तेच.

योहानाच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. येशू शिष्यांना आपली शांती देण्याविषयी बोलतो, तो प्रसंग कोणता? सगळं ठीक चाललं असताना तो हे बोलत नाही. त्याच रात्री त्याला पकडणार आहेत. शिष्य पळणार आहेत. दुसऱ्या दिवशी क्रूस आहे. ख्रिस्ती परंपरेत शांतीचं वचन जन्मालाच आलं ते संकटाच्या रात्री. संकट टळेल, असं त्यात म्हटलेलंच नाही.

म्हणून ताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे. प्रार्थनेतून उठल्यावर मन पुन्हा हललं, तर घाबरू नका. बातम्या वाईट असतील तर वाईट वाटणारच. २०१५ च्या डिसेंबरात याच शहरात पाणी घरात शिरलं, तेव्हा कुणाचं मन शांत होतं? पण त्या दिवसांत कुणी अनोळखी माणसाला वरच्या मजल्यावर घेतलं, कुणी गल्लीतून जेवणाचे डबे फिरवले. आपली शांती खरी की तेवढ्यापुरती, हे आपल्या मनाला विचारू नका. आजूबाजूच्या माणसांकडे बघा. घरातलं मूल चूक झाल्यावर आपल्याकडे येऊन ती सांगू शकतं का? ज्याचे पैसे द्यायचे आहेत, तो आपल्या शब्दावर निर्धास्त झोपतो का? आपला सल्ला चुकला, तर निस्तरायला आपण थांबतो का?

चेन्नईत असाल तर एकदा सेंट मेरी चर्चमध्ये जाऊन या. ओळखपत्र सोबत ठेवा. आणि त्या स्मारकासमोर उभे राहाल तेव्हा देवदूताकडे नंतर बघा. आधी त्या मुलाकडे बघा, ज्यानं मरणाऱ्या माणसाचा हात धरला आहे. आपला हात असा धरावासा वाटेल, असं कुणी आपल्या आयुष्यात आहे का, एवढं मनाशी विचारा.

तुमचं उत्तर मला जरूर कळवा. पुढच्या भागात पुन्हा भेटू. तोपर्यंत सांभाळून राहा, आणि एकमेकांना सांभाळा.